नौकेत पाऊल ठेवण्यापूर्वी

(होटगी येथे ग्रामस्थांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



होटगी म्हटले की प्रवाशाला प्रथम आठवते ते येथील रेल्वे जंक्शन. मुंबईहून चेन्नईकडे जाणाऱ्या लोहमार्गाला येथूनच विजयपूर-गदगचा फाटा फुटतो. भोवताली ज्वारीची शिवारे, काळी जमीन आणि दर दोन-चार वर्षांनी डोके वर काढणारी अवर्षणाची धास्ती. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. अशा गावी समुद्रातील नौकाविहाराविषयी बोलणे एखाद्याला अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु काळ झपाट्याने पालटला आहे. सोलापूरचा विमानतळ होटगी रस्त्यावरच आहे आणि तेथून ९ जून २०२५ रोजी गोव्याची विमानसेवा सुरू झाली. पूर्वी एक रात्र आणि अर्धा दिवस खाणारे अंतर सुमारे तासाभराचे झाले. कोल्हापूरमार्गे घाट उतरून मालवणला जाणाऱ्या गाड्याही दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत भरभरून धावतात. सेल्युलर जेलचे दर्शन घेण्यासाठी अंदमानला जाणारी मराठी कुटुंबे तर गावोगावी आढळतात.

थोडक्यात, पठारावरचा माणूस समुद्राकडे निघाला आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र समुद्रकाठचे मूल चालायला लागते तेव्हापासून पाण्याचे शहाणपण शिकत असते, तशी संधी पठारावरील माणसाला मिळत नाही. बहुतेकांना पोहता येत नाही. भरती कधी आणि ओहोटी कधी, हेही ठाऊक नसते. धक्क्यावर उभे राहून चार नौकांतून एक निवडावयाची वेळ आली म्हणजे तो रंग पाहतो, भाडे विचारतो आणि चढतो. निवडीची खरी कसोटी याहून निराळी आहे. आजचा विषय ती कसोटी कोणती, हा होय.

अनुभवाने दिलेले धडे

नौकेच्या निवडीत चूक झाली तर काय होते, हे जाणण्यासाठी समुद्रापर्यंत जाण्याचेही कारण नाही. सोलापूर जिल्ह्याच्या सीमेवर, उजनी जलाशयात, २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे जाणारी प्रवासी नौका वादळी वाऱ्यात सापडून उलटली आणि सहा जण बुडाले. जलाशय ओळखीचा, मार्ग रोजचा, अंतर थोडके. तरीही वाऱ्याच्या एका झोताने सारे पालटले.

त्याच्या दोन वर्षे आधी, २४ मे २०२२ रोजी, तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांना घेऊन परतणारी नौका उलटून दोघांना प्राण गमवावे लागले. हंगामाच्या अगदी अखेरीचे ते दिवस होते. अंदमानात २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ (आजचे श्री विजयपुरम) पर्यटकांची नौका बुडून वीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्या नौकेत क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक माणसे बसविलेली होती. मुंबईत १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे जाणाऱ्या प्रवासी नौकेला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली आणि डझनाहून अधिक बळी गेले. जुन्या पिढीला तर १७ जुलै १९४७ चा दिवस विसरता येत नाही. त्या दिवशी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेंहून अधिक उतारूंना जलसमाधी मिळाली.

ही नोंद भय निर्माण करण्यासाठी केलेली नाही. रोज हजारो माणसे नौकेत बसतात आणि सुखरूप परत येतात. परंतु या घटना शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे कारणांची यादी फार लांब होत नाही. वारा आणि ऋतू, नौकेवरील भार, अंगावर असलेले वा नसलेले जीवरक्षक जाकीट आणि आजूबाजूच्या नौकांचा वावर, एवढीच ती कारणे. यांपैकी शेवटचे सोडले तर उरलेली तिन्ही धक्क्यावर उभ्या असलेल्या साध्या माणसाला आपल्या डोळ्यांनी पाहता येतात. त्यासाठी पोहता आले पाहिजे असे नाही आणि इंजिनाचे ज्ञान तर मुळीच नको.

कोणती सफर कोणासाठी

मालवणच्या धक्क्यावर उतरलेल्या कुटुंबापुढे साधारणपणे चार प्रकारच्या सफरी असतात. पहिली सिंधुदुर्ग किल्ल्याची. कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या जलदुर्गाची पायाभरणी केली आणि १६६७ मध्ये तो पुरा झाला. जुलै २०२५ मध्ये ‘युनेस्को’च्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा किल्ल्यांत त्याचा समावेश आहे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी चहूबाजूंनी खारे पाणी असलेल्या या किल्ल्यात आहेत. पाण्याची किंमत जाणणाऱ्या दुष्काळी मुलखातील माणसाने त्या अवश्य पाहाव्यात. हा जलप्रवास अगदी थोडा असतो. वृद्ध आणि लहान मुले सोबत असलेल्यांनी येथूनच आरंभ करावा.

दुसरी सफर खाडीची. देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते. नदीच्या आतल्या अंगाचे पाणी तुलनेने शांत असते. मात्र नदीच्या मुखाशी प्रवाह आणि लाटा यांची झुंज चाललेली असते, तेव्हा नौका तेथपर्यंत नेण्याचा आग्रह धरू नये. तिसरी सफर खुल्या समुद्रात डॉल्फिन पाहण्याची. ही पहाटे किंवा सकाळी करावी. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सौम्य असतात. ऊन चढले की समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे सुटतात आणि दुपारनंतर पाणी उसळू लागते. ज्याला घाटातल्या वळणांनी मळमळते त्याने तर दुपारच्या नौकेचा विचारही करू नये. पाठीचे दुखणे असलेल्यांनी आणि गर्भवती भगिनींनी वेगवान नौका टाळाव्यात, कारण अशी नौका लाटेवर आदळते तेव्हा तो धक्का थेट मणक्याला बसतो.

चौथी सफर सध्या सर्वांत लोकप्रिय आहे. तिला ‘स्नॉर्केलिंग’ म्हणतात. डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासाची नळी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगत खालची सृष्टी पाहणे, असे तिचे स्वरूप आहे. पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल जाण्याच्या ‘स्कूबा डायव्हिंग’पेक्षा हा प्रकार वेगळा आहे. धक्क्यावर पुष्कळदा ही दोन्ही नावे एकाच दमात उच्चारली जातात, म्हणून नेमके कशाचे पैसे घेतले जात आहेत ते आधी विचारून घ्यावे. स्कूबा करणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खोल पाण्यातील दाबामुळे रक्तात नायट्रोजन वायू विरघळतो आणि तो हळूहळूच बाहेर पडतो. विमानात हवेचा दाब कमी असल्याने तो बुडबुड्यांच्या रूपाने सांध्यांत आणि रक्तवाहिन्यांत त्रास देऊ शकतो. यास्तव एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास करू नये, असा जाणकारांचा सल्ला आहे. सकाळी डुबकी आणि सायंकाळी सोलापूरचे विमान हा बेत म्हणूनच सोडून द्यावा. पृष्ठभागावरच्या स्नॉर्केलिंगला हे बंधन नाही.

धक्क्यावरची पाच मिनिटे

बैलबाजारात दात पाहिल्याखेरीज कोणी शेतकरी पैसे मोजत नाही. विहिरीत उतरायचे असेल तर दोराला दोन हिसडे दिल्याखेरीज कोणी पाय खाली टाकत नाही. हीच चौकस बुद्धी नौकेपाशी चालवावी. त्याला पाच मिनिटे पुरतात.

प्रथम, नौकेवर लिहिलेला नोंदणी क्रमांक आणि प्रवाशांची कमाल संख्या पाहावी. अशा नौकांना महाराष्ट्र सागरी मंडळाकडून परवाना घ्यावा लागतो. त्यात किती माणसे बसवावयाची हे ठरलेले असते. ती संख्या वाचावी आणि माणसे मोजावीत. मांडीवरचे मूलही माणूसच धरावे. भार वाढला म्हणजे नौकेचा काठ पाण्याजवळ येतो आणि थोड्याशा लाटेनेही पाणी आत येते. शिवाय डॉल्फिन दिसला की सारे जण एका बाजूला धावतात. भार एकीकडे झुकला की भरगच्च नौका सावरणे कठीण जाते. म्हणून तांडेल ‘बसा’ म्हणाला की बसावे.

दुसरे, जाकिटे पाहावीत. ती केवळ आहेत एवढे पुरेसे नाही. प्रत्येकासाठी आहेत का, पट्टे शाबूत आहेत का आणि मुलांच्या मापाची आहेत का, हे पाहावे. मोठ्या मापाचे जाकीट लहान मुलाच्या डोक्यावरून निघून जाते आणि मूल पाण्यात राहते. जाकीट निघण्यापूर्वीच अंगावर चढवून पट्टे आवळावेत. ते आसनाखाली ठेवून ‘वेळ आली की घालू’ म्हणण्यात अर्थ नाही. नौका उलटते ती क्षणार्धात. तेव्हा गाठ मारायला सवड मिळत नाही. छायाचित्रासाठी जाकीट काढण्याचा मोह तर सर्वथा टाळावा.

तिसरे, दिवस कोणता आहे ते पाहावे. कोकणच्या किनाऱ्यावर मे महिन्याच्या उत्तरार्धात वारे बदलू लागतात. पावसाळ्यात, साधारणपणे मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत, मालवणची किल्ल्याची आणि जलक्रीडेची वाहतूक बंद असते. शाळेच्या सुट्टीचा शेवट आणि हंगामाचा शेवट नेमका एकाच सुमारास येतो. ‘आता आलोच आहोत तर’ या शब्दांनी माणूस नेमक्या याच दिवसांत फसतो. शक्य असेल त्यांनी दिवाळीनंतरचे तीन-चार महिने निवडावेत. पावसाचा गाळ तोवर खाली बसलेला असतो, पाणी निवळते आणि वारेही सौम्य असतात.

चौथे, पाण्यात सोबत कोण उतरणार ते विचारावे. पाण्यात किती मिनिटे मिळतील, एका मार्गदर्शकाकडे किती पर्यटक असतील, पोहता न येणाऱ्याला हाताशी धरले जाईल काय आणि सारे पाण्यात असताना नौकेवर कोणी लक्ष ठेवणारा राहील काय, हे प्रश्न विचारण्यात कसलाही संकोच नसावा. रस्त्यावर गाडी अडवून ‘पाच पॉइंट, दहा पॉइंट’ मोजून दाखविणाऱ्या मध्यस्थाला पुष्कळदा यांची उत्तरे ठाऊक नसतात. ज्याच्या नौकेत बसावयाचे त्या तांडेलालाच ती विचारावीत. उत्तरापेक्षाही उत्तर देण्याची रीत बोलकी असते. शांतपणे समजावून सांगणारा माणूस पाण्यातही शांत राहतो.

यानंतरच भाड्याकडे वळावे. माणशी थोडे पैसे वाचविण्यासाठी दाटीवाटीची नौका निवडणे म्हणजे बियाण्यात काटकसर करून पिकाची अपेक्षा धरण्यासारखे आहे.

पाण्याखालची सृष्टी

पाण्यात तोंड घालण्यापूर्वी उथळ जागी, पाय टेकतील अशा ठिकाणी, नळीने श्वास घेण्याचा सराव करावा. मुखवटा नाकावर घट्ट बसला पाहिजे. केस वा मिशी मध्ये आल्यास पाणी झिरपते. नळी तोंडात असताना श्वास तोंडानेच घ्यावयाचा असतो आणि नेमकी हीच गोष्ट नवख्याला अवघड जाते. नाकाने श्वास घेण्याची धडपड झाली की माणूस घाबरतो आणि घाबरला की नळीत पाणी जाते. अशा वेळी उताणे होऊन जाकिटावर भार टाकावा आणि हात वर करावा. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. बुडणारा माणूस ओरडतो, हा समज चुकीचा आहे. बहुतेक वेळा तो मुकाट्याने बुडतो, कारण ओरडण्यासाठी लागणारा श्वासच त्याच्यापाशी उरत नाही. म्हणून कुटुंबातील एकाने तरी नौकेवर राहून इतरांकडे पाहत राहावे.

एवढी सिद्धता झाली म्हणजे जे दिसते ते अपूर्व असते. सिंधुदुर्गाच्या परिसरात पाण्याखालच्या खडकांवर प्रवाळ वाढतात आणि त्यांच्या आसऱ्याने नाना रंगांचे मासे वावरतात. १३ एप्रिल १९८७ रोजी येथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. प्रवाळ दगडासारखा दिसत असला तरी तो सूक्ष्म प्राण्यांची वसाहत होय. त्याच्या कित्येक जाती वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. आधारासाठी टेकलेला एक पाय किंवा बेफिकिरीने टाकलेला एक नांगर कित्येक वर्षांची वाढ क्षणात मोडतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळांना संरक्षण आहे. त्यांचा तुकडा आठवण म्हणून घरी आणणे हा गुन्हा ठरतो. मासे जवळ यावेत म्हणून पाव-बिस्किटे टाकण्याचा प्रघातही बरा नव्हे. मासा त्याच्या नैसर्गिक अन्नापासून दूर जातो आणि पाणी घाण होते. अंदमानातील जॉली बॉय बेटावर प्लॅस्टिकची वस्तू नेण्यास मनाई आहे. तशी मनाई लिहिलेली नसेल तेथेही ती स्वतःवर घालून घ्यावी.

प्रवाळाची काळजी घेणारी नौका बहुधा माणसाचीही काळजी घेते. जो तांडेल नांगर कोठे टाकावा याचा विचार करतो, तो माणूस कोठे उतरवावा याचाही विचार करतो.

‘नाही’ या शब्दाचा मान

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरविणारे पुष्कळसे तांडेल मूळचे मच्छीमार आहेत. कोणत्या भरतीला कोणता खडक बुडतो आणि कोणत्या वाऱ्याला कोणती लाट येते, हे ज्ञान त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून मिळालेले आहे. असा माणूस आकाशाकडे पाहून ‘आज नको’ म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडत असतो. त्याच्या ‘नाही’ला केवढी किंमत आहे, हे पर्यटकाने ओळखले पाहिजे. घडते ते मात्र उलट. लांबून आलेले पर्यटक विनवण्या करतात, दुप्पट भाडे देऊ करतात, दुसऱ्या नौकेकडे जाण्याची धमकी देतात आणि अखेर कोणीतरी ‘होय’ म्हणणारा भेटतो. त्या क्षणी निवड झालेली असते. पण ती चुकीच्या माणसाची झालेली असते.

होटगीकरांना ही गोष्ट अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. सिग्नल पडल्याशिवाय येथून गाडी हलत नाही. बाहेर थांबलेल्या गाडीतील उतारू कंटाळतात, कुरकुरतात. पण चालकाला चार पैसे देऊन सिग्नल ओलांडावयास कोणी लावत नाही. समुद्राचा सिग्नल वाऱ्यात असतो आणि तो वाचणारा माणूस तांडेल. त्याने तांबडा म्हटले की तांबडा.

आणि तांडेल ‘होय’ म्हणाला तरी प्रवाशाचा स्वतःचा ‘नाही’ शिल्लक राहतोच. माणसे जादा झाली, जाकिटे अपुरी पडली, मुलाला भीती वाटू लागली, तर दोर सुटण्यापूर्वी उठून धक्क्यावर उतरावे. दिलेले पैसे गेले तर जाऊ द्यावेत. चारचौघांत हसे होईल ही भीती बाळगू नये. कुटुंबातील ज्येष्ठाने हा निर्णय घेतला तर त्यावर वाद नसावा. आणि घरातील एखादी सून वा मुलगी ‘मला हे बरे वाटत नाही’ म्हणाली, तर ज्येष्ठानेही ते ऐकावे. संकट ओळखण्याला वयाची अट नसते.

महाराष्ट्राला लांबच लांब समुद्रकिनारा लाभला आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीसारख्या ठिकाणी निवासाची सोय केली, पाण्याखालच्या भ्रमंतीचे प्रशिक्षण उपलब्ध केले. शासन परवाने देईल, नियम करील, तपासणी करील. परंतु प्रत्येक फेरीला प्रत्येक नौकेत निरीक्षक बसविणे शक्य नाही. तेथे निरीक्षक होण्याची जबाबदारी प्रवाशावरच येते. गावातून सहल निघत असेल तर निघण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे. कोणाला पोहता येते, कोणाला कोणता आजार आहे, मुलांजवळ कोण राहील, हे ठरवून घ्यावे. आणि सुट्टीच्या दिवसांत मुलांना जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहणे शिकवावे. समुद्र दूर असला तरी विहीर, कालवा आणि तलाव दूर नाहीत. हे शिक्षण तेथेही कामी येईल.

ज्याने आयुष्यात नदीही क्वचितच दुथडी भरून वाहताना पाहिली, अशा माणसाने पाण्याच्या काचेतून प्रवाळांचे रंग पाहावेत, हा त्याचा हक्क आहे. पाच मिनिटांची चौकशी आणि वेळेवर उच्चारलेला एक ‘नाही’, एवढेच त्याचे मोल. ते मोजून होटगीच्या पंचक्रोशीतील प्रत्येक कुटुंबाने समुद्र पाहून यावे आणि जितकी माणसे घरून निघाली तितकीच घरी परत यावीत, हीच सदिच्छा.